मियाटामध्ये तेलाच्या तापमानाचे गेज बसवताना: काटा खरे बोलतो आहे हे कसे ओळखावे?

खिंडकर (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नमस्कार. माझ्याकडे १९९४ सालची माझदा मियाटा आहे, १.८ लिटर इंजिनाची, पाच गिअरची, हेडलाइट वर उघडणारी. गाडी रोजच्या वापरात नाही. वर्षातून चार-पाच वेळा मी ती विलोज गावाजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर नेतो. तीन मैलांचा आणि पंधरा वळणांचा हा ट्रॅक जुलै-ऑगस्टमध्ये भट्टीसारखा तापतो, आणि दुपारच्या सत्रात हवेचेच तापमान चाळीस अंशांच्या आसपास असते. अशा एका दुपारी वीस मिनिटांचे सत्र आटोपून पिटमध्ये आलो, तेव्हा पाण्याचा काटा नेहमीच्या जागी शांत होता, पण तेलाच्या दाबाचा काटा आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना) इतका खाली बसला होता की मी इंजिन बंद करून बॉनेट उघडून नुसता उभा राहिलो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. माझ्या गाडीतील दाबाचे मूळ गेज खरे आहे. १९९५ पासून माझदाने त्याच्या जागी एक दिखाऊ गेज दिले. तेल किमान दाबाच्या वर असले की त्याचा काटा मध्यावर जाऊन थांबतो आणि पुढे काहीही सांगत नाही. माझी गाडी एका वर्षाने वाचली. पाण्याचा काटा मात्र माझ्याही गाडीत तसाच आहे. बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो हलतच नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून तेलाचे तापमान कळायलाच हवे असे ठरवले. या गाडीत तेलाच्या तापमानाचा सेन्सर कारखान्यातून येतच नाही, त्यामुळे सगळे बाहेरून बसवणे भाग होते. घेतलेले साहित्य असे: व्हीडीओचे ५२ मिलिमीटरचे, ५० ते १५० अंश सेल्सियस दाखवणारे गेज, त्याच्याच जोडीचा एका वायरचा सेन्सर, आणि इंजिनाचा ब्लॉक व तेलाचा फिल्टर यांच्यामध्ये बसणारी, सेन्सरसाठी भोके असलेली अ‍ॅल्युमिनियमची सँडविच प्लेट. या इंजिनावर फिल्टरचे आटे एम-२० बाय १.५ चे आहेत, प्लेटही त्याच आट्यांची घ्यावी लागते.

काम कठीण नाही, पण अडचणीच्या जागी आहे. या इंजिनाचा फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलेला असतो. वरून हात घातला तर बोटे पोचतात पण मूठ वळत नाही, आणि खालून गेले तर मूठ वळते पण डोळ्यांना काही दिसत नाही. मी पुढचे उजवे चाक काढून, गाडी स्टँडवर ठेवून, बाजूने हात घातला. फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरचे रबर ब्लॉकला चिकटून तर राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. ते राहिले आणि त्यावर प्लेट चढली, तर इंजिन सुरू होताच चारेक लिटर तेल जमिनीवर येईल. प्लेटच्या ओ-रिंगला ताज्या तेलाचे बोट लावले आणि सेन्सरचे तोंड मॅनिफोल्डच्या आधारपट्टीला अडणार नाही असे वळवून मधला पोकळ बोल्ट घट्ट केला. प्लेटच्या जाडीमुळे फिल्टर तेवढा खाली उतरतो, म्हणून थोडा आखूड फिल्टर लावला.

वायर फायरवॉलमधल्या मूळ रबरी बुचातून आत नेली. गेज डॅशबोर्डच्या मधल्या गोल हवेच्या झरोक्यात बसवले. मियाटात हे दोन गोल झरोके जणू ५२ मिलिमीटरच्या गेजसाठीच केलेले आहेत. किल्ली फिरवल्यावर सुरू होणाऱ्या वायरीवरून तीन अँपिअरच्या फ्यूजमधून वीज घेतली, प्रकाशासाठी डॅशच्या दिव्यांची वायर घेतली, आणि अर्थिंग डॅशमागच्या लोखंडी पट्टीला दिले.

त्यानंतर दोनदा ट्रॅकवर गेलो. काटा ११८ च्या वर एकदाही गेला नाही. मी निश्चिंत व्हायला हवे होते. पण सत्राच्या शेवटी दाबाचे गेज पूर्वीसारखेच खाली येत होते, आणि पिटमध्ये तापलेल्या तेलाचा तो तिखट वास येतच होता. दाब आणि तापमान यांपैकी एक जण खोटे बोलत आहे, असा माझा संशय आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

गाडीतळ (पुणे)

आपण सँडविच प्लेटचा एवढा खटाटोप का केला? ड्रेन प्लगच्या (तेल काढण्याच्या बुचाच्या) जागी बसणारा सेन्सर मिळतो. या गाडीला एम-१४ बाय १.५ चा ड्रेन प्लग आहे, म्हणजे तेल बदलताना पाच मिनिटांत काम झाले असते. शिवाय संपमधले (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातले) तेलच तर मोजायचे आहे.

माझ्याकडे ऑक्टाविया आरएस आहे, तिच्यात हा प्रश्नच येत नाही. तिच्या संपमध्ये कारखान्यातूनच तेलाची पातळी आणि तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि पडद्यावर आकडा दिसतो. तेल पन्नास अंशांच्या खाली असेपर्यंत आकड्याऐवजी नुसत्या रेघा दिसतात. सकाळी कोथरूडहून निघालो की वाकडच्या पुलापर्यंत पाण्याचा काटा ९० वर जाऊन बसतो, आणि तेल मात्र तेव्हा कुठे साठ-पासष्टला आलेले असते. हे पाहिल्यापासून मी द्रुतगती मार्गावर पहिली दहा मिनिटे पाय हलका ठेवतो. खंडाळ्याचा चढ चढल्यावरही माझे तेल शंभर-एकशे पाचच्या पुढे क्वचितच जाते. त्यामुळे आपले ११८ मला ट्रॅकच्या मानाने योग्यच वाटतात.

---

खिंडकर

ड्रेन प्लगचा विचार मीही केला होता. दोन कारणांनी तो सोडला. एक तर तो प्लग आणि त्याच्या शेपटीची वायर संपच्या सर्वांत खालच्या भागात उघडी लोंबते. माझी गाडी जमिनीपासून वीतभरही उंच नाही, आणि ट्रॅकच्या कडेला गेल्यावर खडी नेमकी तिथेच आपटते. आपल्याकडच्या गतिरोधकांवर तर तो सेन्सर महिनाभरही टिकणार नाही. दुसरे म्हणजे, दरवेळी तेल बदलताना सेन्सर काढायचा, वायर सोडायची, पुन्हा जोडायची. जी गोष्ट वर्षातून पाचदा हाताळायची तिला वायर असू नये असे मला वाटते.

आपल्या गाडीतल्या पाण्याच्या काट्याबद्दल एक सांगतो: तो ९० वर बसतो म्हणजे पाणी ९० अंशांवर असते असे नाही. त्या कंपनीच्या गाड्यांत साधारण पंचाहत्तरपासून शंभरी ओलांडेपर्यंत काटा ९० वरच धरून ठेवलेला असतो, ग्राहकांनी घाबरू नये म्हणून. तेलाचा आकडा मात्र खरा असतो.

---

तिरफळ (श्टुटगार्ट)

कुठले तेल मोजायचे, हा खरा प्रश्न आहे. तेलाचे तापमान असा एकच आकडा इंजिनात नसतो. बेअरिंगमधून पिळून निघालेले तेल सर्वांत गरम असते. ते संपमध्ये पडते आणि तिथल्या तेलात मिसळून थोडे निवते. पंप ते उचलतो आणि फिल्टरमधून पुढे पाठवतो. खिंडकर यांची प्लेट फिल्टरवर आहे, म्हणजे त्यांना पंपाने नुकत्याच उचललेल्या आणि बेअरिंगकडे निघालेल्या तेलाचे तापमान कळते. ऑइल कूलर नसलेल्या गाडीसाठी ही उत्तम जागा आहे, कारण तिथे तेल सतत वाहत असते.

सर्वांत वाईट जागा म्हणजे दाबाच्या सेन्सरच्या भोकावर टी (तीन तोंडांचा जोड) बसवून त्याच्या दुसऱ्या तोंडाला तापमानाचा सेन्सर लावणे. दाब कळण्यासाठी तेल वाहावे लागत नाही, तापमान कळण्यासाठी वाहावेच लागते. बंद गल्लीतले तेल जागीच थांबते आणि बाहेरच्या हवेने निवते, त्यामुळे गेज वीस-वीस अंश कमी दाखवू शकते. शिवाय पितळी टीला जड सेन्सर लोंबकळत ठेवला तर कंपनाने पितळ चिरते. येथे एका ओळखीच्या गृहस्थांनी तसे इंजिन गमावलेले मी पाहिले आहे.

माझी स्वतःची गाडी १९८७ सालची हवेने थंड होणारी पोर्शे ९११ आहे. तिच्यात पाणीच नसल्यामुळे तेलाचे गेज हेच मुख्य गेज असते आणि ते टॅकोमीटरशेजारी (इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याशेजारी), डोळ्यांसमोर असते. तेलाचा सुमारे ८५ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट, त्याच्या पुढे उजव्या मडगार्डमधला कूलर, आणि तेलाची पातळीही इंजिन गरम व सुरू असतानाच पाहायची, अशी सगळी रचना तेलाभोवती आहे. पाण्याच्या गाड्यांतही बीएमडब्ल्यूच्या ई-४६ एम-३ मध्ये तेलाचे गेज कारखान्यातून येई, आणि टॅकोमीटरवरचे पिवळे दिवे तेल तापत जाईल तसे एकेक विझत. ज्यांनी ही इंजिने उंच फेऱ्यांसाठी घडवली त्यांना पाण्यापेक्षा तेलाची काळजी जास्त होती, हे त्यावरून दिसते.

आता खिंडकर यांच्या शंकेकडे येतो. त्यांची जागा बरोबर आहे, सेन्सर आणि गेज एकाच जोडीचे आहेत, तरी आकडा कमी येतो. मला अर्थिंगचा संशय आहे. एका वायरच्या सेन्सरमधून येणारा प्रवाह सेन्सरच्या अंगातून, प्लेटमधून, ब्लॉकमध्ये जातो. आपण सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली होती का? आणि प्लेट रंगीत अ‍ॅनोडाइज केलेली आहे का? टेफ्लॉन आणि अ‍ॅनोडाइजचा रंगीत थर, दोन्ही वीज अडवतात.

---

खिंडकर

दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आहेत, आणि ती लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते आहे. पट्टी चांगली तीन वेढे गुंडाळली होती. प्लेट निळ्या रंगाची आहे.

पण मग काटा अजिबात चालायला नको होता ना? तो तर थंड इंजिनावर अगदी पटण्याजोगा चढतो.

---

वंगण (नाशिक)

नेमके तेच या दोषाचे कपट आहे. हा सेन्सर म्हणजे तापल्यावर रोध कमी होणारा थर्मिस्टर आहे. व्हीडीओच्या १५० अंशांच्या सेन्सरचा रोध ५० अंशांना तीनशे ओहमच्या वर असतो आणि १५० अंशांना तो वीसच्याही खाली येतो. समजा खराब अर्थिंगमुळे वाटेत नऊ-दहा ओहम वाढले. थंड तेलात, तीनशे ओहमच्या शेजारी, ते नऊ ओहम म्हणजे समुद्रात घागर: काटा एक अंशही ढळत नाही. गरम तेलात जिथे सेन्सरचाच रोध तीसच्या आसपास असतो, तिथे तेच नऊ ओहम जवळपास तिसरा हिस्सा होतात. गेजला वाटते की तेल निवलेले आहे. म्हणजे जिथे चूक चालली असती तिथे गेज अचूक असते, आणि जिथे चुकून चालणार नाही तिथेच ते दहा-बारा अंशांनी खोटे बोलते.

उपाय करण्याआधी मोजून पाहावे. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरावा आणि मल्टिमीटरने रोध मोजावा. पुण्याच्या वाचकांसाठी: शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच असल्यामुळे तिथे पाणी ९८ अंशांनाच उकळते, तेवढी वजावट धरावी. शंभराच्या पुढचे मोजायचे तर कढईत शेंगदाण्याचे तेल आणि शेजारी साखरेच्या पाकाचा थर्मामीटर. सेन्सरचे फक्त टोक तेलात बुडवावे, वायरीचे टोक नाही. पाण्याचा थेंब त्या तेलात पडू देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

---

सातारी_पाना (टोरांटो)

थोडे विषयांतर वाटेल, पण विषय तोच आहे. ज्यांच्या गाड्या अलीकडच्या आहेत त्यांनी प्लेट विकत घेण्याआधी गाडीला विचारून पाहावे. माझ्याकडे २०१३ ची सायन एफआर-एस आहे. तिच्या डॅशवर तेलाचे तापमान कुठेही दिसत नाही, म्हणून मीही गेज मागवणार होतो. नंतर कळले की इंजिनाच्या संगणकाला ते तापमान ठाऊक असते. ओबीडीच्या (गाडीच्या संगणकाशी जोडण्याच्या) सॉकेटमध्ये ब्लूटूथचा लहानसा रीडर लावून, टोयोटाच्या खास मोड २१ मधून विचारले की आकडा फोनवर येतो. मात्र तो थोडा रेंगाळत येतो. ट्रॅकवर फोनकडे पाहणे मला धोक्याचे वाटते, म्हणून अखेरीस मीही खरे गेज बसवलेच. माझ्या इंजिनात फिल्टर वरच्या बाजूला, बॉनेट उघडताच समोर दिसतो, त्यामुळे खिंडकर यांनी जे चाक काढून केले ते मी उभ्याने केले. त्यांचा हेवा करण्यासारखे एवढेच की त्यांची गाडी ऐन उन्हाळ्यात उघड्या छताने चालते.

माझ्या गाडीत मूळ ०डब्ल्यू-२० तेल असते. जुलैच्या एका सत्रात १३५ पर्यंत गेल्यावर मी ते बदलून ५डब्ल्यू-३० केले. हे योग्य झाले का, असा प्रश्न वंगण यांना विचारतो.

---

वंगण

ट्रॅकच्या वापरासाठी योग्यच, वॉरंटीची बाजू आपण पाहावी.

मागचा आकडा काय सांगतो ते थोडक्यात लिहितो, कारण पुष्कळांना ३० म्हणजे ३० अंश असे काहीतरी वाटते. हा वर्ग एसएई जे-३०० या मानकातून येतो. तेलाची चिकटाई १०० अंश सेल्सियसला मोजतात. ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असेल तर ते ३० चे तेल, १२.५ ते १६.३ असेल तर ४० चे, आणि ६.९ ते ९.३ असेल तर २० चे. म्हणजे डब्यावरच्या आकड्याचे वचन १०० अंशांपुरते आहे. त्याहून तापले की प्रत्येक तेल पातळ होत जाते. म्हणून आणखी एक चाचणी १५० अंशांना, बेअरिंगमध्ये असतो तसा प्रचंड ओढ देऊन करतात. त्यात २० च्या तेलाने किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद, ३० च्या तेलाने किमान २.९, आणि ०डब्ल्यू, ५डब्ल्यू व १०डब्ल्यू-४० यांनी किमान ३.५ टिकवायचे असते. ट्रॅकवर जाणाऱ्याने डबा घेताना हा दुसरा आकडा पाहावा. तो डब्यावर नसतो, कंपनीच्या माहितीपत्रकात असतो.

खिंडकर यांचे दाबाचे गेज का खाली येत होते याचेही उत्तर यातच आहे. आयडलवर पंप हळू फिरतो, तेल पातळ झालेले असते, बेअरिंगच्या फटींतून ते सहज निसटते, आणि दाब उभा राहत नाही. इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे दहा पीएसआय (दाबाचे एकक) असा जुना ठोकताळा आहे. तो ढोबळ आहे, पण गरम इंजिनावर त्याच्या फार खाली गेलो तर आधी तेल तपासावे, मग बेअरिंग.

उलट टोकाचीही चिंता असते. जी गाडी रोज तीन किलोमीटरच चालते तिचे तेल शंभरीला पोचतच नाही, आणि त्यात साचलेले पाणी व पेट्रोल उडून जात नाही. अशा गाडीत गेज लावले तर मालकाला वेगळ्याच कारणाने धक्का बसेल.

---

खिंडकर

शनिवारी सगळे मोजले. तपशील देतो.

सेन्सर उकळत्या पाण्यात: ६२ ओहम. तेलात १३० अंशांना: २९ ओहम. (कढई माझी स्वतःची आहे. तसे मला आधी लेखी मान्य करावे लागले.) मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध ०.४ ओहम होता, तो वजा केला आहे. ही वजावट विसरू नये, कारण इतक्या लहान रोधांत तीही दिसते. म्हणजे सेन्सर निर्दोष.

मग सेन्सर पुन्हा प्लेटमध्ये बसवला आणि सेन्सरच्या षटकोनापासून ब्लॉकच्या एका उघड्या बोल्टपर्यंत मोजले. नऊ ओहम! बोटाने सेन्सर हलवला की हा आकडा सात आणि चौदा यांच्यामध्ये नाचत होता. सेन्सर प्लेटला टेफ्लॉनमधून जेमतेम टेकत होता, आणि प्लेट ब्लॉकला ओ-रिंग आणि रंगाच्या थरातून. मधला बोल्ट तेवढा धातूला धातू, पण त्याच्याही टोपीखाली अ‍ॅनोडाइज. आता २९ मध्ये नऊ मिळवले की ३८ होतात, आणि व्हीडीओच्या तक्त्यात ३८ ओहम म्हणजे साधारण ११८ अंश. मी जे ११८ पाहून समाधान मानत होतो ते खरे १३० होते.

सेन्सर काढताना आणखी एक गोष्ट उघडकीस आली. प्लेटसोबत आलेल्या पिशवीत दोन लहान बुचे होती, त्यांतले एक मी ब्लॉकवरच्या दाबाच्या भोकात तात्पुरते लावून पाहिले होते. पहिले दोन आटे लोण्यासारखे गेले आणि मग अडले. मी पान्याला आणखी जोर देणार होतो, पण थांबलो ते बरे झाले. प्लेटची भोके अमेरिकी एनपीटी पद्धतीच्या आट्यांची आहेत, ब्लॉकचे भोक जपानी पद्धतीचे, म्हणजे ब्रिटिश बीएसपीटीचे. दोन्ही एक-अष्टमांश इंच म्हणवतात, पण एकात इंचाला २७ आटे ६० अंशांच्या कोनात, दुसऱ्यात २८ आटे ५५ अंशांच्या कोनात. जोर लावला असता तर ब्लॉकचे आटे गेले असते.

दुरुस्ती अशी केली. टेफ्लॉन पूर्ण काढून, आटे ब्रशने घासून, फक्त मधल्या दोन आट्यांवर द्रव सीलंटचा बारीक थेंब दिला. हे आटे निमुळते असल्यामुळे ते एकमेकांत रुतूनच गळती थांबवतात, सीलंट नावापुरता लागतो. प्लेटवरच्या दुसऱ्या मोकळ्या भोकाच्या बुचाखाली निळा रंग कानशीने खरवडून पांढरा धातू काढला, तिथे गोल टर्मिनल दाबून वायर थेट ब्लॉकच्या बोल्टला नेली. आता षटकोनापासून ब्लॉकपर्यंत ०.२ ओहम आहे, आणि बोटाने हलवला तरी आकडा हलत नाही.

एकच गोष्ट अजून खटकते. रात्री हेडलाइट वर येऊन लागले की काटा दोन-तीन अंश वर सरकतो. तेल तर हेडलाइटमुळे तापत नाही.

---

तिरफळ

गेजचे अर्थिंग आपण डॅशच्या लोखंडाला दिले आहे, आणि सेन्सरचे ब्लॉकला. हेडलाइट आणि पंखा यांचा प्रवाह बॉडीतून इंजिनाच्या अर्थिंगच्या पट्टीवाटे अल्टरनेटरकडे परततो. ती पट्टी तीस वर्षांची असेल तर तिच्यावर थोडा व्होल्टेज पडतो, ब्लॉक बॉडीपेक्षा किंचित खाली जातो, आणि सेन्सरमधून जास्त प्रवाह ओढला जातो. गेज ते तापमान समजते. गेजची काळी वायर डॅशवरून काढून ब्लॉकवरच, प्लेटच्या नव्या वायरीच्या बोल्टला न्यावी. आणि ती जुनी पट्टी बदलावी, तिचे भाडे केव्हाच वसूल झाले आहे. नव्याने बसवणाऱ्यांनी मुळातच दोन वायरींचा सेन्सर घ्यावा. त्याचे अर्थिंग स्वतंत्र असते, त्यामुळे प्लेटचा रंग, टेफ्लॉन आणि हेडलाइट यांपैकी कशाशीच त्याला देणेघेणे नसते.

---

गाडीतळ

ड्रेन प्लगबद्दलचे माझे मत मी मागे घेतो. गतिरोधकांचा मुद्दा मला स्वतःला सुचायला हवा होता. आमच्या सोसायटीच्या दारातच दोन आहेत.

पण एक विचारतो. आता खरा आकडा १३० आहे हे कळले. मग पुढे काय? तो आकडा वाईट आहे की नुसता मोठा?

---

वंगण

चांगल्या सिंथेटिक तेलाला १३० अंश सोसवतात. ९० ते ११० हा निवांत पट्टा, १२० पर्यंत ट्रॅकवर नेहमीचे, १३० च्या पुढे गेल्यावर पाय सैल करावा, आणि १४० दिसले की एक फेरी सावकाश फिरून गाडी आत घ्यावी, असे मी सांगेन. तेल एका क्षणात मरत नाही. तापमान जसे वाढते तसा त्याचा ऱ्हास झपाट्याने वाढतो, म्हणून ट्रॅकवर तापलेले तेल दिनदर्शिकेकडे न पाहता बदलावे.

कूलर लावायचा तर थर्मोस्टॅटवाली प्लेटच घ्यावी, जी ८० अंशांच्या आसपास उघडते. थर्मोस्टॅट नसलेला कूलर थंडीत तेलाला तापूच देत नाही, आणि मग आपण एका रोगावर दुसरा विकत घेतो. कूलर लावल्यावर सेन्सर कूलरच्या आधी आहे की नंतर, हे मात्र लिहून ठेवावे. आधीचा सेन्सर इंजिन किती तापवते ते सांगतो, नंतरचा बेअरिंगला काय मिळते ते सांगतो, आणि दोन वर्षांनी आपणच विसरतो.

---

खिंडकर

गेजची काळी वायर ब्लॉकवर नेली, पट्टी बदलली. हेडलाइट आता डोळे उघडतात आणि मिटतात, काटा जागचा हलत नाही.

काल पुन्हा थंडरहिलला जाऊन आलो. हवा ३६ अंश होती. तेल आता १०डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४० आहे. दुसऱ्या फेरीच्या शेवटी ११५, चौथ्या फेरीत १२६, आणि सहाव्या फेरीत पाचव्या वळणाची टेकडी चढून उतरलो तेव्हा १३१. तिथून पुढे एक फेरी चौथ्या गिअरमध्ये, इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आत ठेवून फिरलो, तर आत येईपर्यंत काटा ११९ वर उतरला होता. पाण्याचा काटा या सगळ्या वेळात तसूभरही हलला नाही. आयडलवर दाब पूर्वीपेक्षा बरा आहे, आणि मुख्य म्हणजे आता दोन्ही गेजांचे एकमेकांशी पटते: एक चढला की दुसरा तेवढ्याच प्रमाणात उतरतो. कूलर हिवाळ्यात लावेन, थर्मोस्टॅटसह.

एक शेवटचा बदल केला. झरोका गोल असल्यामुळे गेज त्यात हवे तसे फिरवता येते. मी ते अशा कोनात फिरवून बसवले आहे की १२० वर काटा नेमका सरळ वर उभा राहतो. त्यामुळे वळणात आकडा वाचावा लागत नाही. काटा उभ्याच्या डावीकडे असला तर चालू द्यायचे, उजवीकडे कलला तर पाय सैल करायचा. तबकडीवरची अक्षरे मात्र तिरकी झाली आहेत. काल घरी परतताना शेजारच्या सीटवरून विचारणा झाली की एवढ्या खटपटीनंतर हे घड्याळ वाकडे कसे बसले.